मागे-पुढे होणारं चावीचं घड्याळ: रेग्युलेटरला हात सगळ्यात शेवटी

वडिलांचं किंवा आजोबांचं एचएमटी कपाटातून निघतं, चावी दिली की चालतं, आणि आठ दिवसांत लक्षात येतं की रोज चार मिनिटं मागे पडतंय. मग कुणीतरी मागचं झाकण उघडतो, ‘+’ आणि ‘−’ खुणांमधली बारीक दांडी दिसते, आणि ती ‘+’कडे सरकवली जाते. दोन दिवस वेळ बरोबर येते. तिसऱ्या दिवशी घड्याळ पुन्हा मागे, कधी पुढे, आणि आठवड्याने बंद.

ही दांडी म्हणजे रेग्युलेटर. निरोगी घड्याळाची शेवटची काही सेकंदं जुळवण्यासाठी ती दिलेली असते. वाळलेलं तेल, चुंबकत्व, थकलेली स्प्रिंग यांतलं काहीही तिने बरं होत नाही. आमच्या घरातल्या एचएमटी ‘जनता’ची दांडी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती ‘+’च्या टोकाला भिडलेली होती. कुण्या दुकानदाराने ‘सर्व्हिसिंग’ म्हणून तेवढंच केलं होतं. ज्वेलच्या (चाकांची टोकं ज्यांत फिरतात त्या बारीक खड्यांच्या) भोकांभोवती तपकिरी डिंकासारखा थर तसाच होता.

खालची सगळी कृती एचएमटी जनतासारख्या साध्या, हाताने चावी देण्याच्या, १७ ज्वेलच्या, तारीख नसलेल्या घड्याळासाठी आहे. ऑटोमॅटिक किंवा क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं) असेल तर निदानापर्यंत वाचा आणि घड्याळ जाणकाराकडे द्या.

## टप्पा १: घड्याळ न उघडता निदान

हे घड्याळ तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला ५ आणि दिवसाला ४,३२,०००. दिवसाला एक मिनिट चुकणं म्हणजे ०.०७ टक्के चूक. इतक्या बारीक गोष्टीचं निदान ‘पुढे पळतंय बहुतेक’ एवढ्यावर होत नाही. पाच दिवस वही ठेवा.

१. रोज सकाळी एकाच वेळी क्राउन (चावी देण्याची कडेची घुंडी) थांबेपर्यंत चावी द्या. ‘जास्त चावी दिल्याने बिघडतं’ ही समजूत सोडा. अडलं की थांबायचं, एवढंच.

२. फोनच्या वेळेशी किती सेकंदांचा फरक आहे ते सकाळी आणि रात्री लिहा. सकाळी बरोबर आणि रात्री ढिलं असेल, तर तीही नोंदच.

३. रात्री घड्याळ वेगवेगळ्या स्थितीत ठेवा: एक रात्र डायल वर, एक रात्र डायल खाली, एक रात्र क्राउन खाली करून उभं.

४. एकदा पूर्ण चावी देऊन ते बंद पडेपर्यंत चालू द्या. दीड दिवस तरी चालायला हवं.

आता वहीतून काय निघतं ते बघा.

अचानक पाच-दहा मिनिटं पुढे पळायला लागलं: चुंबकत्व, नाहीतर हेअरस्प्रिंगचे (बॅलन्सला झुलवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटलेत. दोन्हीत स्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि बॅलन्स, म्हणजे मागे-पुढे झुलून वेळ मोजणारं चाक, घाईने हलतो.

वर्षानुवर्षं हळूहळू मागे पडत गेलं, आणि दिवसही पुरा काढत नाही: तेल वाळलंय किंवा मुख्य स्प्रिंग (चावीची ताकद साठवणारी) थकलीय. बहुधा दोन्ही.

आडवं ठेवलं की ठीक, उभं केलं की खूप फरक: बॅलन्सच्या टोकांना घाण किंवा झीज, नाहीतर बॅलन्सचा तोल गेलेला.

डायल वर आणि डायल खाली यांतच मोठा फरक: बॅलन्सच्या एका बाजूचं टोक खराब, किंवा हेअरस्प्रिंग एका बाजूला कशाला तरी घासतेय.

सेकंद काटा बरोबर, पण मिनिट काटा मागे राहतो: याचा वेगाशी संबंधच नाही. मिनिट काट्याखालची कॅनन पिनियन सैल झालीय. काटे फिरवताना काहीच अडकल्यासारखं लागत नसेल, तर हाच दोष. यावर लोक महिनोन्‌महिने रेग्युलेटर फिरवत बसतात.

रोज एका ठरावीक वेळी बंद पडतं: काटे एकमेकांना किंवा काचेला लागतायत.

टाइमग्राफर (ठोके ऐकून घड्याळाचा वेग मोजणारं यंत्र) किंवा मायक्रोफोनवर चालणारं फोन अ‍ॅप असेल तर आणखी दोन आकडे मिळतात. एक अ‍ॅम्प्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स किती अंशांपर्यंत झुलतो. पूर्ण चावीवर, डायल वर ठेवून २७० ते ३१० अंश म्हणजे तब्येत चांगली. २०० च्या खाली असेल तर रेग्युलेटरकडे बघूही नका, सर्व्हिसिंग लागणार. दुसरा बीट एरर, म्हणजे ‘टिक’ आणि ‘टॉक’ यांमधल्या अंतरांचा फरक. अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत उत्तम, एकपर्यंत चालतं. यंत्रात लिफ्ट अँगल (ठोक्याच्या वेळी बॅलन्स जेवढे अंश ढकलला जातो तो कोन) ५२ असा आधीच भरलेला असतो. तो तुमच्या मशीनशी जुळला नाही तर अ‍ॅम्प्लिट्यूडचा आकडा चुकेल, वेगाचा नाही.

> तपासा: पाच दिवसांची वही भरली का? नसेल तर पुढचं काही करू नका.

## टप्पा २: चुंबकत्व आधी काढा

सुईचा साधा होकायंत्र घड्याळावर धरा. फोनमधला चालणार नाही, कारण फोनमध्येच चुंबक असतात. सुई थरथरली किंवा वळली तर चुंबकत्व आहे. ते येतं स्पीकरवर घड्याळ काढून ठेवल्याने, टॅब्लेटच्या कव्हरने, चुंबकाच्या बटणाच्या पर्समुळे.

डीमॅग्नेटायझरचं (चुंबकत्व काढणाऱ्या विजेच्या डबीचं) बटण दाबून धरा, घड्याळ त्याच्यावर आणा, आणि बटण दाबलेलंच ठेवून सावकाश हातभर दूर न्या. मग बटण सोडा. घड्याळ जवळ असतानाच बटण सोडलं तर ते नव्याने चुंबकित होऊ शकतं. या एका चुकीमुळे ‘डीमॅग्नेटायझरने काही होत नाही’ अशी तक्रार ऐकू येते. स्वस्तातली निळी डबी लवकर तापते, काही सेकंदांपेक्षा जास्त चालू ठेवू नका.

यानंतर पुन्हा दोन दिवस नोंद. पुढे पळणाऱ्या घड्याळांतली बरीचशी इथेच सुधारतात. सुधारलं तर इथेच थांबा.

## टप्पा ३: हत्यारं आणि टेबल

यादी छोटी आहे, पण यातलं काहीही वगळू नका: १० पट भिंग, दोन चांगले बिनचुंबकी चिमटे, ०.८ ते १.६ मिमी स्क्रूड्रायव्हर, मशीन धरायचा होल्डर, काटे उचलायच्या दोन पट्ट्या, हवेचा रबरी फुगा, रबरी बोटटोप्या, टोकदार लाकडी काड्या (पेगवूड), तेल लावायच्या सुया, झाकणाचे कप्पे असलेला डबा.

टेबलावर पांढरा कागद, कडेला उंच काठ असलेला ट्रे. पंखा बंद. ‘मे महिन्यात पंखा बंद?’ होय. कपाळाचा घाम मशीनवर पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधा. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत उघडलेलं मशीन रात्रभर तसंच टेबलावर ठेवू नका. पोलादी भागांवर गंज धरायला दमट हवा पुरते.

तेलाबाबत काटकसर नको. शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, कुलपात सोडायचं तेल यांतलं काहीही नाही. जलद फिरणाऱ्या बारीक टोकांना मोबियस कंपनीच्या ९०१० सारखं पातळ तेल, सावकाश आणि जोरावर चालणाऱ्या भागांना एचपी १३०० किंवा डी५ सारखं जाड, पॅलेटच्या (टिक-टिक करत चाक अडवणाऱ्या-सोडणाऱ्या काट्याच्या, म्हणजे फोर्कच्या) दगडांना ९४१५, मुख्य स्प्रिंगला ८२०० ग्रीस. छोट्या बाटल्या वाटून घेणारे मित्र असतील तर खर्च निम्मा होतो.

> इशारा: आजोबांच्या काळातलं, १९६०च्या दशकापर्यंतचं, अंधारात चमकणाऱ्या आकड्यांचं घड्याळ असेल तर त्यावर रेडियम असू शकतं. तो रंग खरवडू नका, फुंकरही मारू नका. घरी उघडायचं घड्याळ ते नव्हे.

आणि पहिला हात वडिलांच्या घड्याळावर नको. भंगारातलं एक एचएमटी मशीन मिळवा आणि ते दोनदा खोलून जोडा. स्वस्तात मिळणाऱ्या, नव्या रंगीत डायलच्या ज्या घड्याळांना संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणून नाकं मुरडतात, ती सरावाला झकास असतात.

## टप्पा ४: खोलणं, याच क्रमाने

प्रत्येक पायरीनंतर फोटो. स्क्रू काढला की कप्प्यात, आणि कप्प्यावर क्रमांक. ‘लक्षात राहील’ असं वाटतं, राहत नाही.

१. मागचं झाकण उघडा. स्प्रिंगमधली ताकद आधी सोडा. क्राउन दोन बोटांत घट्ट धरा, खटका (क्लिक) काडीने बाजूला करा आणि क्राउन बोटांत हळूहळू सरकू द्या. एकदम सोडलं तर दात तुटतात.

२. काटे १२ वर आणा. क्राउनची दांडी धरून ठेवणाऱ्या सेटिंग लिव्हरचा स्क्रू एक-दोन आटेच सैल करा आणि क्राउन ओढून काढा. पूर्ण काढलात तर डायलखालचा लिव्हर सुटतो आणि काम दुप्पट होतं. मशीन बाहेर आल्यावर क्राउन परत बसवा.

३. डायलवर प्लास्टिकचा पातळ तुकडा ठेवून तिन्ही काटे दोन पट्ट्यांनी एकदम उचला. डायलचे दोन स्क्रू कडेला असतात, ते सैल केले की डायल सुटतो. डायलला बोट लावू नका, पुसू तर मुळीच नका. छापील अक्षरं कापसाबरोबर निघून येतात.

४. बॅलन्स. ब्रिजचा (वरून धरून ठेवणाऱ्या पट्टीचा) एक स्क्रू काढा, खाचेतून ब्रिज किंचित उचला आणि चिमट्याने तो सरळ वर घ्या. बॅलन्स हेअरस्प्रिंगला लोंबत बाहेर येतो. तो कुठे अडला असं वाटलं तर ओढू नका, परत खाली ठेवून पुन्हा उचला. पालथा करून डब्यात झाकून ठेवा.

५. पॅलेटला चिमट्याने हलकेच ढकला. ती जोरात दुसऱ्या बाजूला उडी मारत असेल तर ताकद अजून शिल्लक आहे, पायरी १ पुन्हा करा. मग पॅलेटचा ब्रिज आणि फोर्क काढा.

६. थांबा आणि बघा. क्राउन एक-दोन खटके फिरवा. सगळी चाकं सुळकन फिरून थांबताना किंचित उलटी यायला हवीत. ती ओढल्यासारखी फिरत असतील तर दोष चाकांच्या रांगेत आहे: घाण, वाळलेलं तेल, वाकलेलं टोक. ही ताकद पुन्हा सोडा.

७. वरची दोन मोठी चाकं. क्राउन व्हीलचा स्क्रू बऱ्याच मशीनमध्ये उलट्या आट्यांचा असतो. सुटत नसेल तर जोर लावण्याआधी दुसऱ्या दिशेने फिरवून बघा. डोकं तुटलेले स्क्रू मी जितके पाहिले, त्यांतले निम्मे याच जागचे.

८. ब्रिज, चाकं, बॅरल (मुख्य स्प्रिंगची डबी), मग डायलकडची यंत्रणा.

## टप्पा ५: धुणं

अख्खं मशीन पेट्रोलमध्ये बुडवून वर तेलाचा थेंब सोडायचा, याला आपल्याकडे सर्रास सर्व्हिसिंग म्हणतात. पेट्रोल जुनी घाण विरघळवून ज्वेलच्या भोकात आणखी आत नेतं, आणि नवीन तेल त्यावर बसतं. महिनाभर घड्याळ छान चालतं. तेवढ्यात गिऱ्हाईक खूश होतं.

लायटरमध्ये भरायचं शुद्ध पेट्रोल दोन काचेच्या वाट्यांत घ्या, एक धुवायला आणि एक खळबळायला. पंपावरचं पेट्रोल किंवा रॉकेल नको, दोन्ही मागे थर ठेवतात. खिडकी उघडी, गॅस आणि उदबत्ती बंद.

सुट्या भागांची घाण मऊ ब्रशने काढा. मग खरं काम: प्रत्येक ज्वेलच्या भोकात टोक काढलेली लाकडी काडी घालून फिरवा, टोक काळं झालं की कापून नवं करा, पांढरं निघेपर्यंत. पहिल्या मशीनला मला बारा-तेरा वेळा काडी टोकरावी लागली होती.

> इशारा: पॅलेटचे दगड आणि बॅलन्सखालचा छोटा दगड लाखेने चिकटवलेले असतात. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. हे दोन भाग आयसोप्रोपिलमध्ये भिजत ठेवू नका.

हेअरस्प्रिंग या टप्प्यावर भिंगाखाली शांतपणे बघा. वेढे एकमेकांपासून सारख्या अंतरावर, एकाच पातळीत हवेत. माझ्या त्या ‘जनता’त बाहेरच्या दोन वेढ्यांमध्ये तेलाचा एक तंतू होता, कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्याएवढा. बॅलन्स एका बाजूला झुलला की वेढे चिकटायचे, परत येताना सुटायचे. पेट्रोलमध्ये दोनदा बुडवून, फुग्याची हवा मारून तो गेला. वेढे वाकलेले असतील तर मात्र चिमटा खाली ठेवा. हेअरस्प्रिंग सरळ करणं वर्षांच्या सरावाचं काम आहे.

बॅरल उघडून स्प्रिंग बघा. बाहेर काढल्यावर ती मोकळी होऊन इंग्रजी ‘एस’सारखी उलटी वळली तर जोर शिल्लक आहे. नुसती गोल गुंडाळलेलीच राहिली तर बदला. बोटांनी परत भरताना ती शंकूसारखी पिळली जाते, म्हणून वाइंडर (स्प्रिंग गुंडाळायचं हत्यार) वापरा किंवा नवी, वाटीत गुंडाळून येणारी घ्या.

## टप्पा ६: जोडणं

जवळपास खोलण्याच्या उलट क्रमाने. बॅरल, चाकं, आणि मग चाकांवरचा ब्रिज.

इथे सावकाश. ब्रिज ठेवला की तीन-चार चाकांची वरची टोकं एकाच वेळी आपापल्या ज्वेलमध्ये जायला हवीत. केसाएवढी ती टोकं डोळ्यांनी दिसतात, पण ‘बसली’ की नाही ते दिसत नाही. ब्रिजवर बोटाचं नुसतं वजन ठेवा, दुसऱ्या हाताने एकेक चाक चिमट्याने किंचित हलवा. प्रत्येक टोक बसलं की ब्रिज जाणवण्याइतका खाली जातो. सगळी बसली की तो काही न करता सपाट टेकतो. त्यानंतरच स्क्रू, तेही थोडे थोडे, आळीपाळीने, मध्येच बॅरल फिरवून बघत. ब्रिज स्क्रूने ओढून खाली आणायचा नसतो. तसं केलं की ‘टक्’ असा बारीक आवाज येतो, आणि तो आवाज म्हणजे चाकाचं टोक गेलं.

> तपासा: प्रत्येक चाक चिमट्याने वर-खाली किंचित हलतं का? अजिबात हलत नसेल तर काहीतरी अडकलंय. एक-दोन खटके चावी द्या, चाकं पुन्हा सुळकन फिरून उलटी यायला हवीत. पॅलेट बसवण्याआधीची ही शेवटची संधी.

तेल आता. ज्वेलची वाटी अर्धी भरेल एवढंच, सुईच्या टोकाने. वाटीबाहेर सांडलं तर धुऊन पुन्हा लावा, कारण सांडलेलं तेल आतलंही ओढून नेतं. मधल्या चाकाला आणि बॅरलला जाड तेल, बाकीच्या बारीक टोकांना पातळ. चाकांच्या दातांना तेल नाही. पॅलेटच्या टोकांना तेल नाही. हेअरस्प्रिंगच्या जवळपासही तेल नाही. पॅलेटच्या दगडांच्या घासणाऱ्या बाजूला मात्र ९४१५चा सूक्ष्म थेंब हवा.

पॅलेट बसवून चार-पाच खटके चावी द्या. काडीने हलकेच स्पर्श केला की फोर्क एका बाजूकडून दुसरीकडे टपकन जायला हवा. मधेच रेंगाळत असेल तर मागे जा.

बॅलन्सची धक्कारोधक चकती, जनताच्या डायलवर ‘पॅरा शॉक’ लिहिलेलं असतं ती, स्वच्छ करताना तिची पातळ स्प्रिंग उडते. उडतेच. काम पारदर्शक प्लास्टिक पिशवीत हात घालून करा. चकतीवर ९०१०चा एक थेंब, परत जागेवर.

बॅलन्स त्याच्या जागी उतरवताना खालचा छोटा दगड फोर्कच्या खाचेत यायला हवा. बरोबर बसला की बॅलन्स स्क्रू लावायच्या आधीच झुलायला लागतो. झुलत नसेल तर स्क्रू आवळून ‘बघूया’ असं करू नका.

डायल आणि काटे शेवटी. तास आणि मिनिट काटा बरोबर १२ वर बसवा, मग बारा तास फिरवून काटे कुठेही एकमेकांना शिवत नाहीत ना ते बाजूने बघा.

## टप्पा ७: आता रेग्युलेटर

नवीन तेलाचं मशीन एक दिवस चालू द्या. मग पूर्ण चावी देऊन मोजा.

दांडी आधी मधोमध आणा. नंतर पुढे न्यायचं असेल तर ‘+’, ‘एफ’ किंवा ‘ए’कडे, मागे न्यायचं असेल तर ‘−’, ‘एस’ किंवा ‘आर’कडे. सरकवायची किती? डोळ्यांना हलल्यासारखी वाटली तर बहुधा जास्तच झाली. टेकवलेल्या काडीने नुसता दाब द्या. टाइमग्राफर असेल तर अर्ध्या मिनिटात कळतं, नसेल तर प्रत्येक बदलानंतर पूर्ण एक दिवस थांबा. एका दिवसात तीनदा हलवणाऱ्याला शेवटी कुठला बदल लागू पडला तेच कळत नाही.

डायल वर, डायल खाली आणि क्राउन खाली, तिन्हीकडे मोजा. आडव्यात +१५ आणि उभ्यात −५ असेल तर तो हातावर साधारण जुळतो. मी पाच-दहा सेकंद पुढेच ठेवतो, कारण मागे पडणारं घड्याळ बस चुकवतं. या मशीनकडून दिवसाला २० सेकंदांच्या आतबाहेर मिळालं तर समाधान माना.

बीट एरर मोठा असेल आणि हेअरस्प्रिंगचं बाहेरचं टोक धरणारा हात सरकता असेल, तर तो अगदी किंचित सरकवा. हात पक्का असेल तर सोडून द्या.

नवी स्प्रिंग टाकल्यावर घोडा दौडल्यासारखा आवाज आला आणि घड्याळ वेड्यासारखं पुढे पळालं, तर अ‍ॅम्प्लिट्यूड ३३० च्या वर गेलाय आणि बॅलन्स पूर्ण फिरून फोर्कला मागून ठोकतोय. स्प्रिंग जास्त ताकदीची पडली. रेग्युलेटरने हे सुटत नाही, स्प्रिंग बदला.

झाकण लावण्याआधी आतली काच फुग्याने साफ करा, रबरी रिंग कडक झाली असेल तर नवी टाका. जुने कारागीर झाकणाच्या आत सुईने तारीख कोरतात. त्याऐवजी तारीख, तिन्ही स्थितींचे आकडे आणि वापरलेली तेलं वहीत लिहा. मग घड्याळ हातात घालून पुन्हा पाच दिवस नोंद, टप्पा १ सारखीच, त्याच वहीत पुढच्या पानावर.